विषय कोणते घेऊ, मॅडम?

बारावीचा निकाल लागला की आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात दोन टेबलं लागतात. पहिल्यावर प्रवेश अर्ज आणि कागदपत्रं तपासली जातात, दुसऱ्यावर विषयनिवडीचं मार्गदर्शन चालतं. गेली काही वर्षं हे दुसरं टेबल माझ्याकडे आहे. कॉलेज तालुक्याच्या गावचं, अनुदानित, कला-वाणिज्य-विज्ञान अशा तिन्ही शाखांचं. येणारी मुलं बहुतेक आसपासच्या खेड्यांतली. कित्येकांच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारं ते पहिलंच माणूस. मी अर्थशास्त्र शिकवते, पण वर्षभराच्या कामात मला सगळ्यात जबाबदारीचं वाटतं ते या टेबलावरचं काम. इथे थोड्या वेळात जे ठरतं, त्यावर मूल तीन वर्षं रमणार की पहिल्याच सत्रात गळणार हे बरंचसं अवलंबून असतं.

मुलं दोघं-तिघं मिळून येतात. हातात फाइल, फाइलीत मार्कशीट, टी.सी., आधारच्या झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटोंचं पाकीट. समोर उभी राहतात, एकमेकांकडे बघतात, मग त्यातलं एखादं धीर करून विचारतं, "विषय कोणते घेऊ, मॅडम?"

या प्रश्नावर चिडणारी माणसं मी पाहिली आहेत. बारावी झाली तरी एवढं कळत नाही का, असं त्यांना वाटतं. मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. दहावीपर्यंतचे विषय ठरलेले असतात. अकरावीला शाखा टक्के ठरवतात आणि विषय त्या ज्युनियर कॉलेजात जे असतील ते मिळतात. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत ज्याला 'तुला काय शिकायला आवडेल' असं कुणी विचारलेलंच नाही, त्याच्यापुढे एकदम रकान्यांनी भरलेला अर्ज येतो. त्याने भांबावून जाणं साहजिकच आहे.

आणि अर्ज पूर्वीपेक्षा खरोखरच अवघड झाला आहे. पूर्वी बी.ए.ला येणारं मूल एक गट निवडायचं. इतिहास-राज्यशास्त्र-अर्थशास्त्र घ्यायचं किंवा भाषांचा गट घ्यायचं, सोबत सक्तीचं इंग्रजी, की झालं. नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 साली जाहीर झालं आणि महाराष्ट्रात विद्यापीठांशी संलग्न असलेल्या आमच्यासारख्या कॉलेजांत ते 2024-25 पासून पहिल्या वर्षाला लागू झालं. आता अर्जावर मेजर म्हणजे मुख्य विषय आहे, मायनर म्हणजे दुय्यम विषय आहे, ओपन इलेक्टिव्ह आहे. त्याखाली व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवर्धन, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली आणि एन.एस.एस., एन.सी.सी., खेळ यांसारखे सहअभ्यासक्रम उपक्रम आहेत. प्रत्येक रकान्याला इंग्रजी आद्याक्षरांचं नाव आणि प्रत्येक पेपरला सांकेतिक क्रमांक. विद्यापीठागणिक मांडणी थोडी वेगळी आहे. कुठे मेजर सुरुवातीलाच सांगावा लागतो, तर कुठे पहिल्या वर्षी तीन विषय शिकून त्यातला एक दुसऱ्या वर्षी मेजर म्हणून पक्का करता येतो. शेजारच्या जिल्ह्यातल्या मावसभावाने सांगितलेलं इथे लागू पडत नाही, ते यामुळेच.

सगळ्यात जास्त गोंधळ क्रेडिटचा होतो. "क्रेडिट म्हणजे मार्क का?" असं मुलं विचारतात. यावर मी व्याख्या सांगत नाही, तास मोजून दाखवते. वर्गातल्या पंधरा तासांचं एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांचं एक. म्हणजे चार क्रेडिटच्या विषयाचे सत्रात साठ तास, पंधरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला चार. दोन क्रेडिटच्या पेपरला आठवड्याला दोन. सत्राची सगळी मिळून साधारण बावीस क्रेडिट. हे हिशेब कागदाच्या कोपऱ्यात मांडले की मुलाचा चेहरा लगेच मोकळा होतो, कारण त्याला जे जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की रोज किती वेळ बसायचं आणि कशाला किती वजन आहे.

पण कोष्टक समजावणं हा कामाचा सोपा भाग. अवघड भाग वेगळाच आहे. अर्ज भरून झालेला असतो, फक्त तो मुलाने भरलेला नसतो.

एका वर्षी एक मुलगी भरलेल्या अर्जाची प्रिंट घेऊन आली. सही राहिली होती, एवढ्यासाठीच ती टेबलाशी थांबली होती. मेजरच्या रकान्यात भूगोल होता. मी विचारलं, "भूगोल आवडतो का गं?"

ती म्हणाली, "भूगोल? मी इतिहास सांगितला होता."

"मग हे कुणी टाकलं?"

"नेट कॅफेवाल्या दादांनी. ते म्हणाले, सगळ्यांना हेच टाकलंय, यातच जागा आहेत."

त्या दादांचा दोष काढावा असं मला वाटत नाही. त्यांच्या दुकानात रांग असते, लाइट जाते, पोर्टल मध्येच बंद पडतं. अर्ज भरून देणं हा त्यांचा धंदा आहे, मुलाचा कल ओळखणं नाही. पण ज्या निर्णयावर पुढची तीन वर्षं उभी राहणार, तो अशा रांगेत एका क्लिकने होऊन जातो, ही गोष्ट मला फार लागते.

मी अर्जात दुरुस्ती करून इतिहास लिहू शकले असते. पण तिला इतिहास तरी का हवा होता? "मैत्रीण घेतेय म्हणून," ती म्हणाली. म्हणजे तोही तिचा निर्णय नव्हता. मग मी तिला आमच्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीबरोबर आधी इतिहास विभागात आणि मग भूगोलाच्या प्रयोगशाळेत पाठवलं. प्रयोगशाळेतल्या मोठ्या टेबलावर भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे पसरलेले होते. त्यातला आमच्या भागाचा नकाशा दोघींनी काढला. मी थोड्या वेळाने डोकावले तेव्हा ती मुलगी त्यावर ओणवी होऊन बोट फिरवत होती. तिचं गाव सापडलं होतं. गावाला वळसा घालणारा ओढा निळ्या रेघेत होता, वस्तीकडे जाणारी गाडीवाट तुटक रेघेत होती. तपकिरी रेघांचा एक दाट गठ्ठा दाखवून तिने विचारलं, हे काय. समोच्च रेषा, बरोबरची मुलगी म्हणाली. रेघा जिथे जवळजवळ, तिथे चढ जास्त. "म्हणजे हा आमचा खंडोबाचा माळ," ती एकदम म्हणाली. "इथून शाळेला जायचो आम्ही. चढताना दम लागायचा."

परत आल्यावर ती म्हणाली, "भूगोलच राहू द्या, मॅडम." अर्जावर तेच राहिलं, पण आता ते तिचं होतं. भूगोलाला दुपारी प्रात्यक्षिकं असतात हे मी सांगितलं. एस.टी. किती वाजता आहे, ते तिने मोजलं आणि मगच सही केली.

एस.टी.ची वेळ हा आमच्याकडे विषयनिवडीतला मोठा घटक आहे. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत त्याला जागा नसते, पण मुलांच्या मनात तो सगळ्यात वरती असतो. शेवटची गाडी साडेपाचची असेल तर पाच वाजता सुटणारी बॅच घेता येत नाही. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एस.टी.चा मोफत पास मिळतो. पदवीच्या पहिल्या वर्षाला आलं की तो बंद होतो आणि सवलतीच्या मासिक पासाचे पैसे घरून मागावे लागतात. ज्या घरात हातावर पोट आहे, तिथे ही रक्कमही जाणवते. म्हणून मी मुलांना विषय विचारण्याआधी गाव विचारते, गाडी विचारते, घरी गेल्यावर काय काम असतं ते विचारते. कुणाला संध्याकाळी गोठ्यात धारा काढायच्या असतात, कुणी सकाळी दूध संकलन केंद्रावर बसून मग कॉलेजला येतं, कुणी औषधांच्या दुकानात अर्धवेळ आहे. या माहितीशिवाय दिलेला सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी कोरडाच.

मैत्रिणीबरोबर विषय घेण्यालाही मी सरसकट नावं ठेवत नाही. 'ती जाणार असेल तर तू जा,' या अटीवर कॉलेजात येणाऱ्या मुली आमच्याकडे आहेत. त्यांचं कॉलेज टिकायचं तर दोघींचं वेळापत्रक जुळायला हवं. अशा वेळी मी दोघींना एकत्र बसवते. मेजर वेगवेगळा ठेवून ओपन इलेक्टिव्ह, भाषा आणि सहअभ्यासक्रम सारखे घेतले तर बऱ्याचदा दोघी एकाच गाडीने येऊ-जाऊ शकतात आणि मनाजोगता विषयही मिळतो. हे गणित मांडायला वेळ लागतो. तो आम्ही द्यायलाच हवा.

मुलांमध्ये वेगळं दिसतं. "जो सोपा असेल तो द्या, एमपीएससी करायचीय," असं सांगणारा मुलगा दर दोन-चार मुलांमागे असतोच. बारावी सायन्स करून बी.ए.ला येणारेही यातच. राज्यसेवेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे त्यांचं बरोबर आहे. पण मी त्यांना दुसरी बाजू दाखवते. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांपुढचा गोल रंगवून आता भागत नाही, उत्तरं लिहावी लागतात आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर असतात. तीन वर्षं एखादा विषय मन लावून वाचला, त्यावर पानंच्या पानं लिहायची सवय केली, तर त्याचा तिथे उपयोग आहे. आणि समजा पद मिळालं नाही, कारण जागा थोड्या आणि मुलं फार, तरी हाताशी एक विषय राहतो. हे सांगताना मी कुणाचं स्वप्न खाली ओढत नाही. पदवीची तीन वर्षं कशाची तरी वाट बघण्यात जाऊ नयेत, एवढंच मला सांगायचं असतं.

पालक आले की प्रश्न बदलतात. "आता म्हणे पदवी चार वर्षांची झाली?" हा पहिला. त्यांना मी शांतपणे सांगते, पदवी तीन वर्षांनीच मिळते. चौथं वर्ष ऑनर्ससाठी आहे, ते घ्यायचं की नाही हे तिसऱ्या वर्षाअखेर ठरवायचं. एका वर्षाने शिक्षण थांबवावं लागलं तर ठरलेल्या अटी पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, अशी सोय आहे. पण ती अडचणीत सापडलेल्यांसाठी, मुलीचं लग्न ठरवायची मुदत म्हणून नव्हे, हेही मी स्पष्ट बोलते. दुसरा प्रश्न फीचा. 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना राज्य सरकारने शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, ते व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. गावात बातमी पोहोचली ती 'मुलींना सगळं शिक्षण फुकट' अशी. बी.ए., बी.कॉम.ची फी आणि सवलती वेगळ्या नियमांनी चालतात, हे समजल्यावर एखाद्या बापाचा चेहरा उतरतो. तेव्हा तिथेच महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्यांची माहिती द्यावी लागते. प्रवेश झाला म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज झाला असं नसतं. तो वेगळा भरायचा, त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो सेतू केंद्रातून निघायला वेळ जातो. वेळेत सांगितलं तर मुलगी कॉलेजात राहते. दिवाळीनंतर सांगून उपयोग नसतो.

विषयनिवडीचा वेळ खाणारं आणखी एक काम म्हणजे क्रेडिट बँकेचं खातं. 2021 मध्ये ही ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. विद्यार्थ्याला बारा आकडी क्रमांक मिळतो आणि तो जिथे शिकेल तिथली क्रेडिट त्या खात्यात जमा होतात. कल्पना फार चांगली आहे. शिक्षण मध्येच सुटलं तरी केलेलं वाया जात नाही, क्रेडिट सात वर्षांपर्यंत धरली जातात. ज्या मुलींचं शिकणं लग्नाने किंवा बाळंतपणाने तुटतं, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी सोय आहे! पण खातं उघडायला आधार लागतं, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो मोबाइल घरी असतो. मार्कशीटवर आडनाव आधी असतं आणि आधारवर नाव आधी. त्यात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की नावं जुळत नाहीत.

एक मुलगा टेबलाच्या कडेला उभा राहून वडिलांना फोन लावत होता. पेरणीचे दिवस होते. वडील रानात, मोबाइल बांधावर ठेवलेल्या डब्याच्या पिशवीत. दोनदा रिंग पूर्ण वाजली. मग आईने उचलला. तिला मेसेज उघडता येईना. "आई, हिरव्या नको, दुसऱ्या मेसेजात बघ," हा सांगत होता. शेवटी शेजारच्या रानातला कुणी पोरगा आला, त्याने आकडे वाचून दाखवले, तोवर मुदत संपली होती. पुन्हा ओटीपी मागवला. या वेळी त्या पोराने फोन हातातच धरून ठेवला होता. आकडे आले, खातं उघडलं. घामाघूम झालेल्या त्या मुलाने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "आता विषय कुठलेही द्या, मॅडम."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. यंत्रणेशी झगडून दमलेलं मूल निवडीपाशी पोहोचतं तेव्हा त्याच्याकडे निवडण्याचं बळच उरलेलं नसतं. त्या मुलाला मी पाणी दिलं, घरी पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी फक्त विषयांसाठी यायला सांगितलं. तेव्हापासून आमच्या कॉलेजात मी हा आग्रह धरला आहे, की कागदपत्रांचा दिवस आणि विषयांचा दिवस वेगळा असावा. एसटीचं भाडं दोनदा पडू नये म्हणून लांबच्या गावच्या मुलांना आदल्या दिवशी फोन करून कागदपत्रांची यादी सांगतो. एवढ्याने फार फरक पडतो.

आता त्या ओपन इलेक्टिव्हबद्दल. नियम असा, की हा पेपर आपल्या शाखेबाहेरचाच घ्यायचा. कलेच्या मुलाने वाणिज्य किंवा विज्ञान शाखेतला, विज्ञानाच्या मुलाने कला किंवा वाणिज्य शाखेतला. मुलांना ही सक्ती वाटते. "आम्हाला सायन्स नको म्हणून तर इकडे आलो," असं ती म्हणतात. त्यांना मी एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगते. 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर नावाचा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. त्याचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तीन वर्षांत त्याने अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम घेतले. पण तेवढ्यावर थांबला नाही. इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4 आणि राज्यशास्त्राचे 3 अभ्यासक्रमही घेतले, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा एकेक प्राथमिक अभ्यासक्रम. 1916 च्या मे महिन्यात त्याने 'भारतातील जाती' हा निबंध वाचला तो प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. अर्थशास्त्राचा विद्यार्थी शाखेची भिंत ओलांडून दुसऱ्या विषयात शिरला, म्हणून ते लिहिणं झालं. बाबासाहेबांचा फोटो घरात असलेली मुलंही ही यादी पहिल्यांदाच ऐकतात. एकीने ती वहीत उतरवून घेतली आणि विचारलं, "म्हणजे आमच्यासारखेच त्यांनीही विषय निवडले होते?" हो, निवडले होते, आणि भुकेल्यासारखे निवडले होते.

ही गोष्ट सांगताना मला आपल्याकडची उणीवही दिसते. कोलंबियात त्या विषयांना शिकवणारे होते. निवडीची व्याप्ती शिक्षकांवर आणि वर्गखोल्यांवर ठरते. आमच्या यादीत छापलेले सगळे पेपर प्रत्यक्षात चालतातच असं नाही. ठरावीक संख्येपेक्षा कमी मुलं आली तर तो पेपर उघडत नाही. निवृत्त झालेल्या शिक्षकाच्या जागी कायम माणूस येत नाही, तासिका तत्त्वावरचे तरुण शिक्षक तुटपुंज्या मानधनावर दोन-दोन कॉलेजं सांभाळतात आणि वर्षाच्या सुरुवातीला त्यांची नेमणूक झालेलीच नसते. अशा वेळी मुलाला निवडीचा हक्क दिला असं म्हणणं अपुरं आहे. हक्काबरोबर शिकवणारा माणूस द्यावा लागतो. धोरण मनापासून राबवायचं असेल तर आधी रिक्त जागा भरल्या पाहिजेत, हे मी जिथे बोलता येईल तिथे बोलते.

आणि एक आमच्या बाजूचं. विषयाला मुलं किती, यावर विभागाचा कार्यभार ठरतो आणि कार्यभारावर जागा टिकते. त्यामुळे प्रवेशाच्या दिवसांत शिक्षक आपापल्या विषयाकडे मुलं ओढतात. पोटाचा प्रश्न असल्यावर ते समजण्यासारखं आहे. पण मार्गदर्शनाच्या टेबलावर बसणाऱ्याने तरी हे करू नये, असा दंडक आम्ही घालून घेतला आहे. या टेबलावर मी अर्थशास्त्राची शिक्षिका नसते. एखाद्या मुलाने माझा विषय विचारलाच तर त्याला मी आमच्या विभागातल्या दुसऱ्या सहकाऱ्याकडे पाठवते आणि त्याचबरोबर आणखी एका विभागातही जाऊन यायला सांगते.

या कामात सगळ्यात जास्त मदत होते ती दुसऱ्या वर्षाच्या मुलांची. माझ्याशी बोलताना नवं मूल 'हो मॅडम' म्हणत राहतं. शेजारी बसलेल्या दादाला किंवा ताईला मात्र ते खरं विचारतं. सर मारतात का, इंग्रजीतून शिकवतात का, परीक्षेला काय येतं, एखादा पेपर राहिला तर वर्ष वाया जातं का, एन.एस.एस.च्या सात दिवसांच्या शिबिराला मुलींना पाठवतात का, कमवा आणि शिका योजनेत काम मिळेल का. हे प्रश्न त्यांच्या मनात पहिल्यापासून असतात, पण शिक्षकांपुढे तोंडातून निघत नाहीत. गेल्या वर्षी याच टेबलापुढे गोंधळून उभ्या राहिलेल्या मुलांनीच त्यांना उत्तरं द्यावीत, यासारखं दुसरं मार्गदर्शन नाही. आम्ही एक साधं पानही छापलं आहे. मराठीत, मोठ्या अक्षरात. प्रत्येक विषयापुढे चारच गोष्टी : यात काय शिकतात, आठवड्याला किती तास, प्रात्यक्षिक आहे का, तास किती वाजता सुटतात. ते पान घरी नेऊन चुलीपाशी बसून वाचता येतं, आईला वाचून दाखवता येतं.

विषय बदलून घेण्याची मुदतही आम्ही मोठ्या अक्षरात लावतो. वर्ग सुरू झाल्यावर आठवडाभर बसून पाहिल्याशिवाय कुणालाच विषय कळत नाही. बदल मागायला येणारं मूल धरसोडीचं नसतं, ते विचार करू लागलेलं असतं. त्याला खिडकीवर ताटकळत न ठेवता त्याचा अर्ज तिथल्या तिथे मार्गी लावणं हे कार्यालयाचं काम आहे, आणि आमचे कार्यालयातले सहकारी ते आपुलकीने करतात.

इतक्या वर्षांनी माझं मत पक्कं झालं आहे. पहिल्या सत्रात मुलाचा होणारा गोंधळ हा त्याचा अडाणीपणा नाही. त्याच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा निर्णय आला आहे आणि त्याच्यासाठी लागणारी माहिती, वेळ आणि धीर देणारं माणूस मात्र आलेलं नाही. हे तिन्ही देणं कॉलेजला परवडतं. त्याला अनुदान लागत नाही, दोन खुर्च्या आणि थोडी सवड लागते.

म्हणून ज्युनियर कॉलेजातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की बारावीची परीक्षा संपताच मुलांना पदवीच्या अर्जाचा एक नमुना दाखवा. पालकांना विनंती, की टक्के विचारता तसं 'तुला काय वाचायला आवडतं' हेही एकदा विचारा. प्राचार्यांना विनंती, की या टेबलावर जो रिकामा असेल त्याला बसवू नका, ज्याला ऐकून घेता येतं त्याला बसवा. आणि यंदा पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलामुलींनो, अर्ज नेट कॅफेत भरलात तरी विषयांचे रकाने आधी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून न्या. कळलं नाही तर विचारा, पुन्हा विचारा, विभागात जाऊन बघा. तीन वर्षं त्या वर्गात तुम्हाला बसायचं आहे, तेव्हा तो विषय तुम्हीच निवडा.